पाच दिवसांचा सामना आणि रिकाम्या खुर्च्या

आजचा पाठ क्रिकेटचा आहे, पण कोण जिंकलं आणि कोण हरलं याचा नाही. आज आपण मैदानाकडे पाठ करून मैदानाभोवतीच्या खुर्च्यांकडे बघणार आहोत. पाचवी ते सातवीच्या मुलांना वर्गात वाचून दाखवता येईल असा लेख लिहायचा प्रयत्न केला आहे. मधली थोडी आकडेमोड त्यांच्याकडूनच करून घ्या. पालकांनीही वाचला तर चांगलंच.

एखादा कसोटी सामना किंवा रणजी करंडकाचा सामना मोबाईलवर लावा. फलंदाज चौकार मारतो, कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि सीमारेषेपलीकडे दिसतात रांगाच्या रांगा रिकाम्या खुर्च्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला भारत आणि वेस्ट इंडिज यांची कसोटी झाली. लाखाहून जास्त माणसं बसतील एवढं ते स्टेडियम. पहिला दिवस २ ऑक्टोबर, म्हणजे गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, सगळ्यांना सुट्टी. तरीही माणसं शोधावी लागत होती. त्याच मैदानावर आयपीएलचा सामना असला की पाय ठेवायला जागा नसते.

असं का होतं, हे कुणालाही विचारा. दहातले नऊ जण एकच उत्तर देतात, "हल्ली लोकांना धीर राहिलेला नाही." मला हे उत्तर पटत नाही. ते सोपं आहे, आणि त्यात सगळा दोष बघणाऱ्यावर टाकून मोकळं होता येतं. माझं म्हणणं वेगळं आहे. प्रेक्षक एका दिवसात उठून गेला नाही, हळूहळू त्याची गरजच कुणाला उरली नाही. ते कसं, ते बघू.

आधी खेळ समजून घेऊ

कसोटी सामना म्हणजे काय हे मी सहावीच्या वर्गात सांगत होते. एक सामना पाच दिवस चालतो म्हटल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग जेवायचं कधी?" वर्ग हसला. पण प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर खेळाच्या नियमातच आहे. कसोटीत जेवणाची सुट्टी असते आणि चहाची सुट्टीही असते. वृत्तपत्रात "उपाहाराला भारत २ बाद ८४" असं लिहितात ते याच सुट्टीबद्दल. दुसरा प्रश्न मात्र विचार करायला लावणारा होता. "पाच दिवस खेळून पण कोणी जिंकत नाही?" सामना अनिर्णित राहू शकतो, म्हणजे दोघांपैकी कुणीच जिंकत नाही किंवा हरत नाही, हे आजच्या मुलांना ठाऊकच नाही. त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक सामन्यात कोणीतरी जिंकतंच, बरोबरी झाली तर सुपर ओव्हर असते.

आता फळ्यावर गणित. कसोटीत एका दिवसात ९० षटकं टाकायची असतात. पाच दिवसांची किती? ४५०. टी-ट्वेंटी सामन्यात दोन्ही डाव मिळून ४० षटकं. म्हणजे एका कसोटीत अकरा टी-ट्वेंटी सामने बसतात आणि वर दहा षटकं उरतात. रणजी करंडकाचे साखळी सामने चार दिवसांचे असतात, बाद फेरीचे पाच दिवसांचे. पूर्वी तर रणजीत याहून लांब सामने होत. १९४९ साली पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१ आणि ७१४, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. चारही आकड्यांची बेरीज मुलांना करू द्या, २३७६ आली पाहिजे. मग मुंबई किती धावांनी जिंकली तेही काढायला सांगा. (शाब्दिक उदाहरणात "रामूजवळ ६५१ आंबे होते" असं घालण्यापेक्षा हे बरं, मुलं बेरीज तपासून बघतात!)

तिकिटांवरून झालेलं भांडण

भारतात पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. समोर इंग्लंड. तिथे पक्कं स्टेडियम नव्हतं, प्रेक्षकांसाठी तात्पुरती बैठक उभारावी लागली. लाला अमरनाथांनी ११८ धावा केल्या, भारताकडून कसोटीत झालेलं ते पहिलं शतक. त्या आधीपासूनच मुंबईला दिवसचे दिवस क्रिकेट बघायची सवय होती. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांच्या संघांची चौरंगी स्पर्धा १९१२ पासून भरत असे, पुढे १९३७ मध्ये ती पंचरंगी झाली. धर्माच्या नावावर संघ पाडणं योग्य नाही म्हणून त्यावर टीकाही खूप झाली आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. पण तिने प्रेक्षक घडवला, हे नाकारता येत नाही.

१९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम तयार झालं. त्याची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची. सामने भरवणारी मुंबईची क्रिकेट संघटना वेगळी. आता गंमत बघा. कसोटी आली की संघटनेला आपल्या क्लबांसाठी आणि लोकांसाठी जास्त तिकिटं हवी असत आणि क्लब तेवढी द्यायला तयार नसे. वर्षानुवर्षं हा वाद चालला. शेवटी संघटनेचे प्रमुख शेषराव वानखेडे यांनी ठरवलं की आपण आपलं दुसरं स्टेडियम बांधायचं. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांनी आराखडा केला आणि सव्वा वर्षाच्या आत स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. ब्रेबॉर्नपासून वानखेडे चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे. एवढ्या जवळ दुसरं स्टेडियम का बांधलं? तर कसोटी सामन्याची तिकिटं पुरत नव्हती म्हणून! आजच्या मुलांना हे परीकथेसारखं वाटतं.

त्या काळात संघटनांच्या तिजोरीत पैसा यायचा तो मुख्यतः तिकीटविक्रीतून. म्हणजे संघटनेला आणि खेळाडूंना बघणाऱ्याची गरज होती. सामने लोकांच्या सवडीनं ठेवले जात. चेन्नईची कसोटी पोंगलच्या दिवसांत, कोलकात्याची नव्या वर्षाच्या आसपास. लोक वर्षभर आधी ठरवून ठेवत. ज्यांना जाता येत नसे ते रेडिओला कान लावून बसत. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेली मंडळी आपल्या रत्नागिरीतही भरपूर सापडतील. मुलांना घरी आजोबांना विचारायला सांगा. एक प्रश्न विचारायचा आणि तासभर ऐकायची तयारी ठेवायची.

राजापूरच्या माणसाची गोष्ट

दिलीप वेंगसरकर यांचा जन्म आपल्या जिल्ह्यातल्या राजापूरचा, १९५६ सालचा. क्रिकेट ते मुंबईत शिकले आणि मुंबईकडूनच खेळले. १९९१ च्या मे महिन्यात वानखेडेवर रणजी करंडकाचा अंतिम सामना होता, मुंबई विरुद्ध हरियाणा. हरियाणाचा कर्णधार कपिल देव. हरियाणाने ५२२ आणि २४२ धावा केल्या, मुंबईने पहिल्या डावात ४१०. शेवटच्या दिवशी मुंबईला जिंकायला ३५५ धावा हव्या होत्या आणि ३४ धावांत तीन गडी बाद झाले.

इथून पुढे वेंगसरकर आणि अठरा वर्षांचा सचिन तेंडुलकर यांनी डाव उभा केला. सचिन ९६ वर बाद झाला. वेंगसरकर खेळत राहिले. दुपार चढत गेली तशी वानखेडेवर माणसं वाढत गेली. गडी पडत होते, धावा जवळ येत होत्या. शेवटची जोडी मैदानात होती, जिंकायला तीन धावा हव्या होत्या आणि शेवटचा गडी धावबाद झाला. मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले, आणि भारतासाठी शंभराहून जास्त कसोटी खेळलेला तो माणूस मैदानातच रडला.

हा सामना चार दिवस "कंटाळवाणा" असणार, हे मान्य करू. ५२२ धावांचा डाव बघताना कुणी जांभया दिल्याही असतील. पण पाचव्या दिवशीच्या त्या दोन धावांना जे वजन आलं ते आधीच्या चार दिवसांमुळे. वीस षटकांच्या सामन्यात दोन धावांनी हरलो तर आपण चुकचुकतो आणि झोपतो. पाच दिवसांनंतर दोन धावांनी हरणं वेगळं असतं. आणि ते वेगळेपण त्या दिवशी बघायला माणसं होती.

मैदान गावाबाहेर गेलं

आता आपण आजच्या काळात येऊ. नागपूरचं जुनं मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, शहराच्या मध्यावर. कॉलेज सुटलं की चालत जावं इतकं जवळ. २००८ मध्ये कसोटी सामने जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर गेले. स्टेडियम देखणं आहे, पण वर्धा रस्त्यावर, शहराबाहेर. तिथली पहिलीच कसोटी ऑस्ट्रेलियाविरुद्ध, आणि सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी. एवढं निमित्त असूनही मोठा भाग रिकामा होता.

पुण्याचं गहुंजेचं स्टेडियमही तसंच, द्रुतगती मार्गालगत. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला बरं, बाकीच्यांनी यायचं कसं? बराचसा भाग उघडा, वर छप्पर नाही. सुरक्षेच्या कारणाने घरून पाण्याची बाटली आत नेता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी प्रेक्षकांचे पाण्यावाचून हाल झाले, संघटनेला माफी मागावी लागली. तीन-साडेतीन तासांच्या रात्रीच्या सामन्यात माणूस हे सोसतो. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेचार उन्हात बसणाऱ्याला पाणी, सावली आणि स्वच्छ शौचालय ही चैन नाही. बायका-मुलांना घेऊन जायचं तर पहिला विचार शौचालयाचा होतो, विराट कोहलीचा नंतर.

आपल्या रत्नागिरीतून जायचं तर आणखी वेगळा हिशोब. रात्रीची एसटी किंवा कोकण रेल्वे पकडून सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर सामना बघायचा, पुन्हा रात्री निघायचं. एवढं करून दिसतो सामन्याचा पाचवा हिस्सा. कादंबरीतलं मधलं एक प्रकरण वाचून परत यावं तसं. त्यातून तो दिवस मंगळवार किंवा बुधवार असेल तर रजा कोण देणार? पूर्वी ठरलेल्या सणाला ठरलेली कसोटी असायची, आता वेळापत्रक दरवर्षी नवं आणि मैदानही नवं. कोहलीनेच २०१९ मध्ये म्हटलं होतं की कसोटीसाठी पाच पक्की केंद्रं ठरवावीत. तो संघाच्या सोयीबद्दल बोलत होता, पण प्रेक्षकाच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे. यावर्षी आलेली कसोटी पुन्हा कधी येईल ते माहीत नसेल तर गावाला तिची सवय लागणार कशी?

गरज कुणाला?

हा भाग मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी. २०२२ साली आयपीएलचे पुढच्या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क विकले गेले, किंमत ४८,३९० कोटी रुपये. एका सामन्याचे साधारण ११८ कोटी होतात. आता वानखेडेची साधारण ३३,००० आसनं घ्या. प्रत्येक तिकीट एक हजार रुपयांचं धरलं आणि सगळी विकली गेली तर किती? तीन कोटी तीस लाख. मुलांना दोन्ही आकडे एकाखाली एक लिहायला लावा आणि शून्यं मोजायला सांगा.

हे गणित कळलं की खुर्च्या का रिकाम्या आहेत ते बरंचसं कळतं. पैसा टीव्ही आणि मोबाईलवरून येतो. मैदानात आलेला माणूस हिशोबात चिल्लर आहे. मग तुम्ही म्हणाल, आयपीएलची मैदानं तरी भरलेली का असतात? कारण तिथे तिकिटांचा पैसा संघमालकाला मिळतो. शिवाय टीव्हीवर दाखवायला गर्दी, आरडाओरड, झेंडे लागतात. तिथला प्रेक्षक हा कार्यक्रमाचाच एक भाग आहे. म्हणून त्याला बोलावतात, टोप्या वाटतात, गाणी लावतात. कसोटी भरवणाऱ्या राज्य संघटनेला मंडळाकडून मोठा वाटा येतो. चार हजार माणसं आली काय आणि चौदा हजार आली काय, तिचं फारसं अडत नाही. रणजीला तर बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट असतो. पण सामना कुठल्या मैदानावर आहे, किती वाजता आहे, कुठल्या फाटकातून जायचं, हे सांगणारा एक फलकही गावात लागत नाही. फुकट जेवण ठेवायचं आणि आमंत्रण द्यायचं नाही, असा प्रकार.

मी आयपीएलच्या विरोधात नाही. मे महिन्यात आमच्या घरीही संध्याकाळी साडेसातला टीव्ही त्याच्याच ताब्यात असतो. पण "लोक येत नाहीत" आणि "लोकांना बोलावलंच नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढंच माझं म्हणणं.

धीर नाही म्हणता?

आता त्या धीराबद्दल. आपल्याकडे भातकापणी झाली की मळ्यात ढेकळं फोडून खेळपट्टी तयार होते. वाडी मर्यादित, एक गाव एक संघ, कुणाच्या तरी स्मरणार्थ चषक. दोन बांबूंना लाऊडस्पीकर बांधलेला, एक जण घसा बसेपर्यंत समालोचन करतोय, बाजूला वडापावची गाडी. सकाळी सुरू झालेल्या स्पर्धेचा अंतिम सामना प्रकाशझोतात रात्री उशिरा संपतो आणि निम्मा गाव तोवर बांधावर बसलेला असतो. चाकरमानी मुंबईत बसून यूट्यूबवर बघतात ते वेगळंच. कुणी म्हणेल, ते सामने पाच-सहा षटकांचे, दर तासाला निकाल लागतो, त्याला कसला आलाय धीर? हा मुद्दा खरा आहे, मला मान्य आहे. छोट्या निकालांची माळ बघणं आणि एकच सामना दिवसभर बघणं यात फरक आहे.

म्हणून दुसरं उदाहरण घेते. शिमग्यात नमन-खेळे रात्री उभे राहतात. गण, गवळण, मग वगनाट्य, उजाडेपर्यंत चालतं. शेवट काय होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तरी लहान पोरं गोधडी घेऊन पुढे बसतात, मध्ये झोपतात, मृदुंग वाजला की उठतात. बायका निवांत गप्पा मारत बघतात. कुणी एकटक बघत नाही आणि बघावं अशी अपेक्षाही नसते. कसोटी सामना बघायची रीत नेमकी हीच आहे. मध्ये डबा उघडायचा, शेजाऱ्याशी वाद घालायचा, एखादं षटक चुकलं तरी चालतं. ही रीत ज्यांच्या अंगात आहे त्या लोकांना धीर नाही असं मी तरी म्हणणार नाही. फरक इतकाच की नमन देवळासमोर होतं, खेळे आपल्याच वाडीतले असतात, आणि आपण नाही गेलो तर उद्या कुणीतरी विचारतं, "काल दिसला नाहीस?"

दूरचं एक उदाहरण देते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी कसोटी सुरू होते. तारीख ठरलेली, मैदान शहरात, ट्रेन आणि ट्रामने पोचता येतं. डिसेंबर २०२४ मध्ये भारताविरुद्धच्या त्या कसोटीला पाच दिवसांत मिळून ३,७३,६९१ प्रेक्षक आले, त्या मैदानावरचा विक्रम. टी-ट्वेंटी लीग तिथेही आहे, मोबाईल तिथेही आहेत.

आणि आपल्याकडचं एक उदाहरण, जरा कडू. जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली बारा वर्षांनी दिल्लीकडून रणजी सामना खेळला. अरुण जेटली स्टेडियमबाहेर पहाटेपासून रांगा, पहिल्या दिवशी बारा हजारांच्या पुढे प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा त्रिफळा उडवला, कोहली ६ धावांवर बाद. पाठोपाठ माणसं उठून चालू लागली. सांगवानच्या आयुष्यातला तो केवढा मोठा चेंडू! आणि टाळ्या वाजवायच्या सोडून लोक फाटकाकडे निघाले. त्याच महिन्यात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर रोहित शर्मा रणजी खेळला. तिथे तर प्रेक्षकांना बसायला जागाच अगदी थोडी. जम्मू-काश्मीरने बेचाळीस वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईला पाच गडी राखून हरवलं, आणि ते प्रत्यक्ष पाहिलेली माणसं फार थोडी.

म्हणजे एका माणसासाठी गर्दी जमते, सामन्यासाठी जमत नाही. कोहलीला आपण ओळखतो. महाराष्ट्राच्या संघात यंदा कोण खेळतंय हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? क्रिकेटच्या नकाशावर मुंबई आणि विदर्भ हे वेगळे संघ आहेत, रत्नागिरी महाराष्ट्राच्या संघात मोडते. मन मात्र आपलं मुंबईकडे. कोकणी माणसाची ही जुनीच अडचण, फक्त क्रिकेटपुरती नाही.

मुलांचं काय जातं?

शिक्षक म्हणून मला काळजी वाटते ती इथे. आमच्या शाळेतली मुलं टेनिस बॉलवर असे फटके मारतात की बघत राहावं. बारा चेंडूंत तीस धावा त्यांना अवघड नाहीत. त्यातलाच एखादा पुढे तालुक्याला, जिल्ह्याला निवडीसाठी जातो. तिथे सीझन बॉल असतो, आणि दोन-दोन दिवसांचे सामने. पहिल्या तासाला चेंडू हलत असतो, उसळत असतो. अशा वेळी काय करायचं? तर बरेच चेंडू सोडून द्यायचे. बॅट वर उचलून चेंडू यष्टिरक्षकाकडे जाऊ द्यायचा. हे आमच्या मुलांनी कुणाला करताना पाहिलेलंच नाही. त्यांच्या दृष्टीने सोडलेला चेंडू म्हणजे वाया गेलेला चेंडू.

पुस्तकातून पोहायला शिकवता येत नाही, तसं हे सांगून कळत नाही. शिवाजी पार्कच्या किंवा आझाद मैदानाच्या कडेला उभी राहून मुंबईची पोरं ते बघत मोठी झाली. आमच्या मुलांना कडेला उभं राहायला तसा सामनाच नाही. पडद्यावर दिसतो तो ठळक घडामोडींचा दहा मिनिटांचा तुकडा. त्यात सगळे चौकार असतात आणि सगळे बाद झालेले. मधले सोडलेले तीनशे चेंडू कापून टाकलेले असतात. खेळ शिकायचा तर तेच तीनशे चेंडू बघायला हवेत.

नाशिकला बरं आहे. तिथलं अनंत कान्हेरे मैदान शहराच्या मध्यावर आहे आणि महाराष्ट्राचे रणजी सामने अधूनमधून तिथे होतात. (हे हुतात्मा अनंत कान्हेरे मूळचे आपल्या खेड तालुक्यातले. नाशिकला गेलात तर मुलांना जरूर सांगा.) सोलापूरलाही जानेवारी २०२४ मध्ये रणजी सामना झाला. शहरातलं मैदान, फुकट प्रवेश, शाळेच्या मुलांना नेता येईल अशी जागा. असे सामने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरवले तर खुर्च्या भरतील की नाही, ते प्रयोग केल्यावरच कळेल. आमच्या छत्रपती शिवाजी स्टेडियमवर चार दिवसांचा सामना आला तर पहिल्या दिवशी किती शाळा रांगेने येतील, याची कल्पना करून बघा. चौथ्या दिवशी किती येतील, हा खरा प्रश्न.

वर्गात करण्यासारखं

रणजीचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत असतो. महाराष्ट्राचा एक सामना निवडा. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चार दिवस त्याचा धावफलक लिहायचा, रोज एका मुलाने. उपाहार, चहापान आणि दिवसअखेर, तीन नोंदी. शाळा सुटल्यावरची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठानंतर. प्रत्येक नोंदीपुढे एका वाक्यात लिहायचं, आता कोणाची बाजू वरचढ वाटते आणि का. चौथ्या दिवशी ही सगळी वाक्यं ओळीने वाचायला लावा. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी "महाराष्ट्र जिंकणार" असं ठामपणे लिहिणारा मुलगा तिसऱ्या दिवशी "सांगता येत नाही" असं लिहून खाली बसला.

घरून एक मुलाखतही आणायची. घरातल्या किंवा वाडीतल्या मोठ्या माणसाने प्रत्यक्ष मैदानात जाऊन पाहिलेला सामना कोणता? कोणाबरोबर गेले होते, काय खाल्लं, तिकीट केवढ्याचं होतं, परत कसे आले? धावा आठवत नसल्या तरी चालतील. आणि कधीच मैदानात जाऊन सामना पाहिला नसेल, तर का नाही, तेही लिहून आणायचं.